दिवसाला चार

म्हापशाला लग्नाच्या सह्या झाल्या तेव्हा
कारकुनाने मान वर न करता विचारलं होतं,
आधीचा काही करार?
दीप्तेश नाही म्हणाला, मीही.
म्हणजे सगळं अर्धं-अर्धं, असं म्हणून
त्याने शिक्का मारला.
बाहेर येऊन आम्ही एकच भजीपाव घेतला
आणि त्या शब्दावर हसत अर्धा-अर्धा खाल्ला.

तेव्हा अर्धं करण्यासारखं होतं काय?
एक स्कूटर, पर्वरीच्या भाड्याच्या फ्लॅटमधला फ्रिज,
माझा शाळेचा पगार.
मग त्याच्या कंपनीने पगार निम्म्यावर आणला
आणि उरलेल्याच्या जागी कागद दिला:
पाच हजार आठशे चव्वेचाळीस ऑप्शन,
चार वर्षांत पिकणारे.
पिकणारे हा माझा शब्द. तो व्हेस्टिंग म्हणायचा.
भाडं, गॅस, पदेराचे पैसे माझ्या पगारातून गेले
आणि कागद कपाटात, माझ्या साड्यांखाली,
पिकत राहिला.

बाबांना झोण कळतो.
दर वर्षी कोमुनिदादीच्या कचेरीत जाऊन
सही करून आणतात, थोडेच रुपये, पण मोजून.
ऑप्शन त्यांना कळला नाही.
शेअर नव्हे, शेअर घ्यायचा हक्क? तोही आज नव्हे?
कंपनी बुडाली तर?
तर काहीच नाही, मी म्हटलं.
मग भांडता कशावर?

फिलोमेना आफोंसो, वकील, हसत नाहीत.
चष्मा कपाळावर सरकवून हिशेब मांडतात:
चार वर्षांचे दिवस एक हजार चारशे एकसष्ट,
दिवसाला चार ऑप्शन.
संसार होता त्या दिवसापर्यंतचे दोघांचे,
चारातले दोन तुझे.
पुढचे त्याचे.
फक्त तारीख सांग. संपला कधी?

एकोणीस डिसेंबर, मी म्हटलं.
शाळेतलं झेंडावंदन उरकून आले
तर बॅग नव्हती, चार्जर नव्हता,
दाढीचा ब्रश मात्र होता.
मुक्तिदिन, बाई पुटपुटल्या
आणि लिहून घेतलं.

त्याच्या उत्तरात तारीख आली
चोवीस ऑगस्ट.

चोवीस ऑगस्टला आम्ही दिवाडीला होतो, बोंदेराला.
फेरीबोटीत उभ्याने, एका छत्रीत.
त्याने बांबूची फोटाश विकत घेतली
आणि एक हिरवं फळ नेम धरून माझ्या पाठीत मारलं.
मी ओरडले. लोक हसले. तोही हसला.
माझ्याकडे फोटो आहे.

मधले दिवस एकशे सतरा.
गुणिले चार, भागिले दोन.
दोनशे चौतीस जातात तुझे, बाई म्हणाल्या,
लढू आपण. एकत्र राहत होता त्याचे पुरावे आण.

मग यादी करत बसले.
चवथ, डिचोलीला त्याच्या आईकडे.
मी माटोळी बांधत होते, स्टूल त्याने धरलं होतं.
ऑक्टोबरात डेंग्यू, प्लेटलेट्सचे रिपोर्ट,
नातेवाइकाच्या रकान्यात सही माझी.
नरकासुराची रात्र, गॅलरीत दोन खुर्च्या,
खाली पोरांचा धिंगाणा.
गॅसची दोन बिलं.
रोजचा डबा. डब्याची पावती नसते.
लिहिता लिहिता पेन थांबलं स्टुलापाशी.
हात त्याचे होते,
घट्ट धरलं होतं, मला आठवतं,
आणि वर मी नारळ, तवसं, कवंडळं बांधत
कुणाशी बोलत होते?

गुरुवारी बाईंना फोन केला.
म्हटलं, त्याची तारीख राहू दे,
त्याला ठाऊक असणार.
पण मग ते एकशे सतरा दिवस अर्धे करू नका.
तो नव्हताच ना तिथं?
दिवसाचे चारही माझे.

पलीकडे थोडा वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाल्या, असं कायद्यात बसत नाही गं.

माहीत आहे, मी म्हटलं.
अर्जात लिहा तरी.